मुरलेलं जेवण, मोकळी संध्याकाळ: दोन शेगड्यांवरचा नाताळ

नाताळच्या दिवशी जिनं सगळं रांधलं तिनंच सगळ्यांच्या शेवटी गार झालेलं ताट घेऊन बसायचं, हे मी वसईत लहानपणापासून पाहत आले. आजी चुलीपाशी फुगे (आंबवलेल्या मैद्याचे टम्म गोळे) तळत राहायची आणि बाहेरून कुणी ना कुणी "आणखी चार आण गं" म्हणत राहायचं. पुढे स्वतःच्या घरी पहिल्यांदा नाताळचं जेवण केलं तेव्हा मीही तसंच केलं. २५ तारखेला सकाळी सातला मसाला वाटायला बसले आणि रात्री साडेनऊला ओट्यापाशी उभ्यानं जेवले. घरी आलेल्यांशी धड चार वाक्यं बोलणं झालं नव्हतं. उरलेलं विंदालू, म्हणजे सिरक्याच्या आंबट-तिखट मसाल्यातलं मांस, दुसऱ्या दिवशी दुपारी पावाबरोबर खाल्लं, तर ते आदल्या रात्रीपेक्षा कितीतरी चांगलं लागलं. मसाला मांसात उतरला होता, आंबटपणाची धार बोथट झाली होती.

म्हणजे घाई माझी होती, पदार्थाची नव्हती. आपल्या किनारपट्टीवरचं नाताळचं जेवण मुळातच मुरण्यासाठी जन्मलेलं आहे. त्याला तो वेळ दिला की २५ तारखेला करण्यासारखं थोडंच उरतं. तेव्हापासून मी बेत याच हिशेबानं आखते: जे मुरून चांगलं होतं ते दोन दिवस आधी, आणि ज्याला ताजेपणाशिवाय गत्यंतर नाही असे पदार्थ फक्त तीन. खालची सगळी मापं आठ माणसांची आहेत. दोन शेगड्यांचा गॅस, एक कुकर आणि एक जाड बुडाचं मोठं पातेलं एवढ्यावर हे जेवण होतं. ओव्हन लागतो तो फक्त केकला, आणि केक आणता येतो.

हे जेवण टिकाऊ का आहे

२३ डिसेंबर १५३४ रोजी, म्हणजे नाताळच्या दोनच दिवस आधी, गुजरातचा सुलतान बहादूरशाहानं तह करून वसई पोर्तुगिजांना दिली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तोवर दोनशे वर्षं हा भाग त्यांच्याकडे होता. त्या दोनशे वर्षांतलं काय काय आपल्या तोंडी राहिलं ते बघा: पाव, बटाटा, काजू, पेरू, अननस, आणि 'नाताळ' हा शब्दसुद्धा. विंदालूचंही तसंच. त्याच्या नावातला 'आलू' म्हणजे बटाटा नव्हे. मूळ पोर्तुगीज पदार्थात मांस द्राक्षाची दारू आणि लसूण यांत मुरवून ठेवत, आणि 'आल्यु' म्हणजे लसूण. इथे द्राक्षाच्या दारूची जागा माडीच्या सिरक्यानं घेतली आणि आपल्या मिरच्या-मसाल्यांनी बाकीचं केलं. आमच्या ईस्ट इंडियन घरांत त्याच्या भावंडाला इंदियाल म्हणतात. ('ईस्ट इंडियन' हे नाव मुंबई-वसई-ठाण्याकडच्या ख्रिस्ती समाजानं १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी घेतलं. माणसं इथलीच, बोलीही मराठीच.)

सांगायचा मुद्दा हा की सिरका, मीठ, लसूण, मिरची यांत मांस ठेवणं ही टिकवण्याची रीत होती. फ्रीज नव्हता तेव्हा नाताळात केलेलं विंदालू रोज एकदा खळखळून उकळवून चार-चार दिवस खात. आपल्याकडे फ्रीज आहे, म्हणून काम आणखी सोपं.

बेत ठरवण्याआधी दोन फोन

घरी कोण येणार ते कळलं की एकेकाला सरळ विचारा: त्या दिवशी काय चालतं? २०१८ साली २५ डिसेंबरलाच अंगारकी आली होती. कुणाचा गुरुवार असतो, कुणी डुकराचं मांस खात नाही, कुणाला अंडं चालत नाही. हे आठ दिवस आधी कळलं तर अडचण नाही, दारात कळलं तर ज्याच्यासाठी काही नाही त्यालाच कानकोंडं होतं. आणि शाकाहारी पाहुण्यासाठी "पनीर आणलंय" यावर भागवू नका. जेवणाची जी चव आहे, तीच त्याच्याही ताटात यायला हवी.

माझा ठरलेला बेत असा. पोर्क विंदालू, आणि त्याच मसाल्यातलं सुरणाचं विंदालू. भाज्यांसकट पातेल्यात भाजलेली अख्खी कोंबडी. नारळाच्या दुधातले मटार-बटाटे. काजू-बेदाणे घातलेला केशरी भात. फुगे किंवा पाव. गाजर-कांद्याचं आंबट सॅलड. शेवटी कॅरॅमल पुडिंग, केक आणि फराळाचं ताट. सुरुवातीला हातात गरम खिमड, म्हणजे मसाल्याचं पेय.

यादी लांब वाटते. पण २५ तारखेला यातले मोठे पदार्थ भात, कोंबडी आणि फुगे एवढेच रांधायचे आहेत; खिमड, मटार-बटाटे आणि सॅलड हे किरकोळ. पहिल्यांदाच करत असाल तर फुगेही सोडा, बेकरीत पाव सांगून ठेवा. मात्र आधी सांगून ठेवा, कारण २४ च्या संध्याकाळी बेकरीपुढे रांग असते.

आठवडाभर आधी: केक, फराळ आणि कोंबडीवाला

केकचा सुका मेवा खरं तर आगमनकाळ लागला की, म्हणजे नाताळच्या चार रविवार आधी, रममध्ये भिजत घालतात. काळे बेदाणे, मनुका, खजूर, संत्र्याच्या सालीचा मुरंबा, टुटी-फ्रुटी आणि काजू मिळून ४०० ग्रॅम, बारीक चिरून. वसईकर असाल किंवा आगाशी-विरारकडे जाणं-येणं असेल तर त्यात चार सुकेळ्या चिरून घाला. राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी केकमध्ये जो मधासारखा चिवट गोडवा आणते तो बाजारच्या कुठल्याच मेव्यात नाही. उशीर झाला असेल किंवा रम नको असेल तर हाच मेवा संत्र्याच्या पेलाभर रसात मंद आचेवर दहा मिनिटं गरम करा आणि रात्रभर तसाच ठेवा. मेवा रस पिऊन फुगतो, काम भागतं.

केक स्वतः करायचा तर २०० ग्रॅम लोणी, २०० ग्रॅम साखर, ४ अंडी, २२५ ग्रॅम मैदा, चमचाभर बेकिंग पावडर, थोडं दालचिनी-जायफळ. साखरेतली मूठभर बाजूला काढून कढईत गडद तपकिरी होईतो जाळा आणि जपून, हात लांब ठेवून, पाव वाटी गरम पाणी ओता. केकचा काळसर रंग यातूनच येतो. मेव्याला मैद्यातला चमचाभर मैदा चोळा, नाहीतर तो तळाशी बसतो. १६० अंशांवर सव्वा तासाच्या आसपास, सुई कोरडी बाहेर येईपर्यंत. गार झाला की कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. हाही पदार्थ मुरणाराच आहे, तिसऱ्या-चौथ्या दिवशी खरी चव देतो. करायचा नसेल तर सरळ विकत आणा, त्यात कमीपणा काही नाही.

फराळात मी एकच पदार्थ घरी करते आणि तो म्हणजे कुलकुल, कारण त्याला मुलं बसवता येतात. दिवाळीत शंकरपाळी ज्यांच्या घरी होतात त्यांना हे जड नाही. अर्धा किलो मैदा, चार चमचे तुपाचं कडकडीत मोहन, दोन अंडी, चवीपुरतं मीठ, दोन मोठे चमचे पिठीसाखर आणि लागेल तसं नारळाचं दूध घालून घट्टसर मळा. तासभर झाकून ठेवा. बोराएवढी गोळी काट्याच्या मागच्या बाजूवर चपटी दाबून पसरायची आणि एका कडेनं गुंडाळत उचलायची, की रेघा उमटलेला शिंपला तयार. नवा कोरा कंगवाही चालतो, आमच्याकडे तोच वापरत. मध्यम आचेवर तळा, वाटल्यास साखरेच्या पाकातून काढा. हवाबंद डब्यात बरेच दिवस छान राहतात. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. मिल्क क्रीम, मार्झिपान, दोदोल या मिठाया मी विकत आणते. तासभर सतत ढवळण्याइतका हात आणि वेळ ज्यांच्याकडे आहे त्यांनी जरूर करावं. मिल्क क्रीममध्ये अंडं नसतं, म्हणून अंडं न खाणाऱ्यांसाठी ते ताटात असू द्या.

याच आठवड्यात मुलांना आणखी एक काम: करवंटीत माती घालून नाचणी किंवा गहू पेरायला लावा. नाताळपर्यंत हातभर नाही तरी बोटभर हिरवळ येते आणि गोठ्यात बाळ येशूच्या गव्हाणीभोवती ठेवता येते.

कोंबडीवाल्याकडे जाऊन स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा: "अख्खी, सालीसकट, सव्वा ते दीड किलोची, काळीज-पेटा वेगळा." आपल्याकडे कोंबडी सोलून, तुकडे करून देण्याची सवय इतकी पक्की आहे की न सांगता गेलात तर तुमच्या डोळ्यांदेखत साल निघते. साल नसेल तर भाजताना मांस कोरडं पडतं. २४ च्या सकाळी घ्यायची. पोर्क मात्र २२ लाच हवं. एक किलो, खांद्याचं किंवा पोटाकडचं, चरबी असलेलं. नुसतं तांबडं मांस घेतलंत तर विंदालू चरबरीत होतं.

गॅसचा सिलिंडर किती शिल्लक आहे तेही याच आठवड्यात बघा.

२२ ची रात्र: वाटण

सगळ्या जेवणाची चव या अर्ध्या तासावर आहे, म्हणून इथे घाई नको.

पंधरा काश्मिरी मिरच्या, बिया झटकून. दीड चमचा जिरं, अर्धा चमचा मोहरी, दहा मिरी, सहा लवंगा, दोन इंच दालचिनी, अर्धा चमचा हळद. लसणाचा मोठा गड्डा, म्हणजे वीस-पंचवीस पाकळ्या. दोन इंच आलं. मिरच्या आणि खडा मसाला अर्धा तास सिरक्यात भिजवा आणि त्याच सिरक्यात वाटा. पाण्याचा थेंबही नको. सिरका साधारण पाऊण वाटी लागतो. माडीचा मिळाला तर सोनं, नाहीतर उसाचा. दुकानात मिळणारा पांढरा, पाण्यासारखा सिरका फार कडक असतो. तोच घ्यायचा झाला तर अर्धी वाटी घ्या आणि गुळाचा छोटा खडा टाका.

हे वाटण पोर्क आणि सुरण दोन्हींना पुरतं. आधी तिसरा हिस्सा स्वच्छ कोरड्या चमच्यानं काचेच्या बरणीत काढून फ्रीजमध्ये ठेवा. तो शाकाहारी विंदालूचा. उरलेल्यात दोन चमचे मीठ मिसळून एक इंची तुकड्यांना चोळा आणि रात्रभर झाकून फ्रीजमध्ये. भांडं स्टीलचं, काचेचं किंवा मातीचं. ॲल्युमिनियम किंवा कल्हई उडालेलं पितळ अजिबात नको, सिरका धातू खातो.

मिक्सर धुण्याआधी त्यात अर्धी वाटी पाणी फिरवून ते बाटलीत भरून ठेवा. उद्या रश्शाला तेच घालायचं.

२३: विंदालू शिजवून बाजूला

तीन कांदे बारीक चिरून तेलात मंद आचेवर गुलाबीच्या पुढे, पण तपकिरीच्या अलीकडे परता. पंधरा मिनिटं लागतात. त्यात मसाल्यासकट मांस घाला, आच वाढवून दहा मिनिटं परता, मग मिक्सरचं पाणी आणि वाटीभर गरम पाणी. झाकण ठेवून मंद आचेवर तासभर, गरज पडली तर सव्वा तास. घाई असेल तर कुकरला पाच शिट्ट्या, पण नंतर झाकण काढून रस्सा आटवावाच लागतो. तुकडा बोटांनी दाबला की फुटला पाहिजे आणि वर लाल तेल तरंगलं पाहिजे. आत्ता चव घेतलीत तर आंबट जास्त वाटेल, मसाला वेगळा आणि मांस वेगळं लागेल. हात लावू नका. साखर, पाणी, आणखी तिखट, काही घालू नका. दोन दिवसांनी ते आपोआप जुळून येतं. गार झालं की दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, त्याच पातेल्यात.

सुरणाचं शास्त्र जरा वेगळं. अर्धा किलो सुरण, हाताला तेल लावून, मोठ्या फोडी करून चिंचेच्या किंवा कोकमाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, घसा खाजतो तो त्यांनीच. मग ते पाणी टाकून साध्या मिठाच्या पाण्यात पूर्ण शिजवा. कच्चं सुरण थेट सिरक्यात टाकलंत तर तासभरानंतरही ते दडसच राहील, कारण आंबटात कंदभाज्या मऊ होत नाहीत. बटाट्यालाही हाच नियम. शिजलेल्या फोडी थोड्या तेलावर खरपूस परता, दुसऱ्या कढईत दोन कांदे परतून बाजूला ठेवलेलं वाटण घाला, तेल सुटलं की फोडी आणि वाटीभर पाणी, दहा मिनिटं. दोन दिवसांत सुरण मसाला असा पितं की मांस खाणारेही त्यातलं मागून घेतात. तेव्हा जरा जास्तच करा.

२४: थोडं काम, मग मिस्सा

सकाळी कोंबडी आणा, आतून-बाहेरून कोरडी पुसा. किलोमागे दीड चमचा मीठ, अर्धा चमचा मिरपूड, ठेचलेला लसूण, एका लिंबाचा रस. सालीखाली बोट घालून मोकळी जागा करा आणि तिथेही मीठ पोचवा. झाकण न ठेवता फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, ताटलीत, म्हणजे तिचं पाणी दुसऱ्या कशावर गळत नाही आणि साल कोरडी होते. तसं करणं जमत नसेल तर झाकून ठेवा.

मग पुडिंग. सहा चमचे साखर कुकरच्या डब्यातच मंद आचेवर वितळवून तांबूस-तपकिरी करा, डबा फिरवून सगळ्या तळाला लावा. पाऊण लिटर सायीचं दूध, दीडशे ग्रॅम साखर घालून कोमट करा. पाच अंडी फेस न येऊ देता हलकेच फेटा, दूध धारेनं घाला, व्हॅनिला किंवा जायफळ घालून गाळणीतून डब्यात ओता. डब्यावर घट्ट झाकण, कुकरमध्ये पाणी, शिट्टी काढून ठेवा, आच बारीक. पस्तीस ते चाळीस मिनिटं. पाणी खदखदा उकळलं तर पुडिंगला भोकं पडतात, पाणी नुसतं हललं पाहिजे. मध्यभागी किंचित थरथरतं तेव्हाच उतरवा. रात्रभर फ्रीजमध्ये राहिलं की कॅरॅमलचा पाक सुटतो आणि उद्या उलटताना एका झटक्यात निघतं.

संध्याकाळी घर. चांदणी टांगा, गोठा लावा, उद्याच्या वाट्या-ताटल्या काढून पुसून एका जागी ठेवा. ही शेवटची गोष्ट फुटकळ वाटते, पण आठ माणसांत भांडी शोधण्यात अर्धा तास जातो. मिस्सा, म्हणजे चर्चमधली नाताळची उपासना, पूर्वी मध्यरात्रीच असे, आता पुष्कळ ठिकाणी आधीच होतो. तिथून आल्यावर केकचा तुकडा, गरम कॉफी आणि झोप. त्या रात्री काहीही रांधू नका.

२५: खरं काम तीन तासांचं

मी रात्रीचं जेवण धरते आहे. आमच्याकडे बहुतेक घरांत दुपारचंच मोठं असतं, पण दिवसभर शेजारीपाजारी ताटं पोचवणं, भेटायला येणारे-जाणारे चालू असतात आणि पंगत एकत्र बसत नाही. रात्री आठला सगळे निवांत असतात.

तीन वाजता फुग्यांचं पीठ. अर्धा किलो मैदा, दीड चमचा कोरडं यीस्ट, दोन मोठे चमचे साखर, चमचाभर मीठ, दोन अंडी आणि सव्वा वाटीच्या आसपास कोमट नारळाचं दूध. पूर्वी यीस्टऐवजी माडी घालत. पीठ पोळीच्या कणकेसारखं नको. हाताला चिकटणारं, ओढलं तर ताणणारं, जवळजवळ वड्याच्या पिठाइतकं सैल हवं. हातानं दहा मिनिटं वरखाली आपटून मळा आणि झाकून उबेत ठेवा. डिसेंबरच्या गारठ्यात अडीच तास तरी लागतात.

मग खिमड. मूळ खिमड लग्नाकार्यात गावठी दारू मसाल्यात गरम करून करतात. मी मुलांनाही देता येईल असं करते: दीड लिटर पाणी, गवती चहाची जुडी, दोन इंच ठेचलेलं आलं, दालचिनी, सहा लवंगा, चार वेलदोडे, गूळ चवीनं. वीस मिनिटं उकळून गाळा, चार संत्र्यांचा रस घाला आणि थेट थर्मासमध्ये. एक शेगडी मोकळी राहते. ज्यांना हवी त्यांनी आपल्या पेल्यात रम ओतून घ्यावी.

मटार-बटाटेही याच वेळी. कांदा परतून दोन चमचे बाटली मसाला, उकडलेले बटाटे, ताजे मटार, शेवटी वाटीभर दाट नारळाचं दूध, उकळी फुटू न देता. बाटली मसाला म्हणजे उन्हाळ्यात वीस-पंचवीस जिनसा भाजून कांडून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरलेला आमचा वर्षाचा मसाला. गडद काच अशासाठी की उजेडानं त्याचा रंग आणि वास उडतो. नसेल तर काश्मिरी तिखट, धणे-जिरं, बडीशेप आणि थोडा गरम मसाला घ्या. अगदी तीच चव येणार नाही, पण भाजी चांगलीच होते.

साडेपाचपासून शेगड्यांची वाटणी महत्त्वाची. ती कागदावर लिहून भिंतीला लावा.

पहिल्या शेगडीवर कोंबडी. पाच वाजताच ती फ्रीजबाहेर काढलेली असावी. जाड पातेल्यात दोन चमचे तेल, दोन चमचे लोणी, आणि चारही बाजूंनी पाच-पाच मिनिटं लालसर भाजा. मग तिच्याभोवती अर्धे केलेले बटाटे, गाजराचे मोठे तुकडे, छोटे कांदे, दोन तमालपत्रं, अर्धी वाटी पाणी. घट्ट झाकण, बारीक आच, तासभर. मध्ये एकदाच उलटा. मांडीच्या सांध्यात सुरी खुपसली की निघणारा रस स्वच्छ हवा, गुलाबी असेल तर आणखी दहा मिनिटं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आत ७५ अंश.

त्याच वेळी दुसऱ्या शेगडीवर फुगे. शेजारी पाण्याचं वाडगं. डावा हात ओला करून मूठभर पीठ घ्या आणि मूठ आवळा, म्हणजे अंगठा आणि तर्जनीमधून लिंबाएवढा गोळा वर येतो. ओल्या उजव्या हातानं तो खुडून तेलात सोडा. तेल चांगलं तापलेलं पण धूर न येणारं. गोळा टम्म फुगतो आणि पुष्कळदा स्वतःच उलटा होतो. पहिले पाच-सहा वेडेवाकडे होतील, ते मुलांचे. एवढ्या पिठात चाळीसच्या आसपास होतात, पाऊण तास पुरतो. टोपलीत कापडावर काढा आणि कापडानंच झाका. डब्यात बंद केलेत तर घाम धरून ओलसर होतात.

पावणेसातला कोंबडी उतरवून परातीत काढा, झाकून वीस मिनिटं तशीच ठेवा. लगेच कापलीत तर सगळा रस पाटावर वाहतो. पातेल्यातला रस्सा गाळून, चमचाभर मैदा लोण्यात परतून त्यात घालून दाट करा. दुसरीकडे भात: अर्धा किलो बासमती अर्धा तास भिजवून निथळलेला, तुपात दालचिनी-लवंग-वेलदोडा, एक कांदा, चिमूटभर हळद आणि दुधात खललेलं केशर, दुप्पट गरम पाणी. वर तळलेला कांदा, काजू, बेदाणे. आमच्याकडे लग्नाच्या भातावर उकडलेली अंडी लावतात. ती मी वेगळ्या वाटीत ठेवते.

सव्वासातला दोन्ही शेगड्या मोकळ्या होतात. एकीवर पोर्क, दुसरीवर सुरण, दोन्ही मधोमध बुडबुडे येईपर्यंत चांगलं गरम. चमचे वेगळे ठेवा, शाकाहारी माणसाला तेवढं बघायला मिळालं की तो निश्चिंत जेवतो. गाजर-कांदा-काकडी उभी चिरून सिरका, मीठ, साखरेत टाकायला पाच मिनिटं. मटार-बटाटे शेवटी, नुसते कोमट करायला.

पावणेआठला पदर सोडा, केस विंचरा, खिमडचा पेला घ्या आणि बाहेर येऊन बसा.

पंगत

आठ खुर्च्यांचं टेबल फार थोड्या घरांत असतं. सतरंज्या अंथरून मधोमध स्वच्छ चादर घाला, त्यावर सगळी भांडी एकदमच आणून ठेवा. आत-बाहेर करणारं कुणी असता कामा नये. कोंबडी घरातल्या मोठ्या माणसानं सगळ्यांसमोर कापावी. मांड्या, पंख, मग छाती. जेवणाआधीची प्रार्थना लहान मुलाला म्हणू द्या. दुसऱ्या धर्माचे पाहुणे असतील तर त्यांनी नुसते हात जोडले तरी पुरे, कुणाला काही म्हणायला लावू नका.

वाढताना भातावर कोंबडीचा रस्सा आणि फुग्याबरोबर विंदालू, अशी जोडी सांगा. फुगा चमच्यानं खायचा नाही. तोडायचा आणि पोकळीत विंदालूचा रस भरून तोंडात टाकायचा.

पुडिंग सगळ्यांसमोर उलटा. दोन दिवसांच्या आंबट-तिखटावर ते गार गोड इतकं शांत वाटतं की केक अनेकदा हातात घरी जातो. त्यासाठी कागदी पिशव्या आधीच आणून ठेवा.

उरलेलं रात्रीच फ्रीजमध्ये. कोंबडीची हाडं टाकू नका, कांदा-मिरी घालून कुकरला लावली की दुसऱ्या सकाळी सूप होतं. विंदालू २६ ला पावाबरोबर, आणि हाच त्याचा उत्तम दिवस. फराळाची जी ताटं शेजारी गेली आहेत ती पुढच्या आठवड्यात परत येतील, आणि आपल्याकडे भांडं रिकामं येत नाही, तसं रिकामं जातही नाही. तेव्हा कुलकुलांचा एक डबा ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत कपाटाच्या वरच्या फळीवर लपवून ठेवा.